आधी बेंबी बघ

वासराचा गुडघा सुजलाय म्हणतेस ना, मग पायाकडे नंतर बघ. आधी त्याला हळूच कुशीवर घे आणि बेंबी चाचपून बघ. नाळ वाळून कडक झाली असेल तर बरं. पण ती बोटाएवढी जाड लागत असेल, ओलसर असेल, वास येत असेल, हात लावताच वासरू पोट आखडून घेत असेल, तर पायाचं दुखणं तिथूनच आलंय असं धरून चाल. वरून कोरडी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नकोस, आतून पू धरलेला असू शकतो.

तुझ्या घरी सगळे म्हणतायत की गाईचा पाय पडला असेल, उडी मारताना मुरगळला असेल. असेलही. पण जेमतेम दोन आठवड्यांचं वासरू, सांधा गरम, अंगात ताप आणि दूध प्यायला उठत नाही, एवढं सगळं एकत्र दिसलं की मला मुरगळण्यावर विश्वास ठेवता येत नाही. जन्मल्यावर नाळ ओली असते तोवर ते जंतूंना उघडं दारच असतं. शेणामुतात बसलेल्या वासराच्या नाळेतून जंतू रक्तात शिरतात आणि सांध्यात जाऊन ठाण मांडतात. बहुतेकदा पुढचा गुडघा नाहीतर मागच्या पायाचा मधला सांधा धरतो. म्हणून चारही पाय तपास. डावा-उजवा सांधा एकाच वेळी दोन हातांत धर, सूज आणि ऊब लगेच कळते. एकापेक्षा जास्त सांधे सुजले असतील तर मग मार लागल्याची गोष्ट सोडूनच दे.

ताप मोज. घरातलं साधं थर्मामीटर चालतं, फक्त ते पुन्हा माणसांना वापरू नका. टोकाला दोरा बांध, तेल लाव आणि शेणाच्या जागेत मिनिटभर धर. वासराचं तापमान एरवी १०१ ते १०२.५ असतं, १०३ च्या वर गेलं की डॉक्टरांना फोन. १९६२ वर लावलास तरी चालेल, तो नंबर जनावरांच्या दवाखान्याचाच आहे आणि पैसे पडत नाहीत. फोनवर 'वासरू लंगडतंय' एवढंच सांगू नकोस. वय किती, कुठला सांधा, ताप किती, बेंबी कशी, दूध किती प्यालं, असं सगळं सांग, म्हणजे ते तयारीनं येतील.

आता जे मनापासून सांगायचंय ते. अजून चार दिवस बघू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. सांध्यात पू झाला की हाडांच्या टोकांवरची मऊ कूर्चा झिजायला लागते आणि ती परत भरून येत नाही. सूज दिसल्याबरोबर औषध सुरू झालेलं वासरू पुन्हा उड्या मारू शकतं. पंधरवडा लेप लावण्यात गेला की जीव वाचला तरी पाय ताठ राहतो. गोठ्यातलं सगळं तू करतेस, शेण तू काढतेस, धारा तू काढतेस, आणि डॉक्टर बोलवायचा की नाही हे दुसऱ्या कुणी ठरवायचं, हे मला ठाऊक आहे. म्हणून भांडू नकोस, आकडा दाखव. थर्मामीटरवरचा १०४ सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर धर. गोऱ्हा आहे, कशाला खर्च, असं कुणी म्हणेलच. त्यालाही कालवडीइतकंच दुखतं गं. हे तू म्हण, बाकी कुणी म्हणो न म्हणो.

डाग देऊ देऊ नकोस. तापलेल्या विळ्यानं सांधा डागला की आतला पू जात नाही, वर एक भाजल्याची जखम तेवढी वाढते. सूज मऊ लागली म्हणून कुणी सुई किंवा ब्लेड लावायला निघालं तर आडवी हो, कारण तसं केलं की बाहेरची घाण थेट सांध्यात जाते. गरम सांध्याला चोळून मालिशही नको. आणि घरातली दुखण्याची गोळी तर मुळीच नको. डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. देशातली गिधाडं त्यानंच संपत आली. दुखणं कमी करायला डॉक्टर दुसरं औषध देतात, वासराच्या वजनाप्रमाणे.

इंजेक्शनांचा कोर्स लांबू शकतो, दोन-तीन आठवडेसुद्धा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वासरू उभं राहिलं की घरचे म्हणतील, झालं बरं. तिथेच थांबलात तर सूज परत येते आणि दुसऱ्यांदा तेच औषध लागू पडेल याची खात्री नसते. सांधा आतून धुवावा लागेल असं डॉक्टर म्हणाले तर घाबरू नकोस. फलटणहून तुला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय काही फार लांब नाही. छोट्या टेम्पोत खाली जाड पेंढा घालून ने.

एक वेगळी गोष्ट त्यात मिसळू नकोस. जन्मतःच पुढचे पाय खुराच्या वरच्या सांध्यात मागे दुमडलेले असतील, वासरू खुराच्या पुढच्या बाजूवर टेकत असेल आणि ताप, सूज काही नसेल, तर त्या आखडलेल्या शिरा असतात. पाय हातानं सरळ होत असेल तर घसरत नाही अशा जमिनीवर चालवून आणि दिवसातून काही वेळा हळूहळू ताण देऊन बराच फरक पडतो. नाही पडला तर डॉक्टर भरपूर कापूस गुंडाळून पाइपच्या फाकेचा आधार बांधतात. तो रोज बघायचा. खाली ओल, वास किंवा कातडी सोललेली दिसली तर लगेच सांगायचं.

रात्रीची काळजी तुझ्यावरच येणार, म्हणून हे नीट ऐक. कोब्यावर त्याला ठेवू नकोस. कोरड्या मातीवर वीतभर पाचट नाहीतर भुस्सा घाल आणि ओला झाला की बदल. स्वतःहून कूस बदलत नसेल तर दोन-तीन तासांनी तू बदल, नाहीतर खालच्या बाजूला घट्टे पडून जखमा होतात. दूध त्याच्यापाशी ने, त्याला आईपाशी फरपटत नेऊ नकोस. छातीवर नीट बसवून, मान किंचित वर ठेवून बाटलीनं पाज. नळकांड्यानं तोंडात ओतलंस तर दूध फुप्फुसात जातं आणि एका दुखण्याची दोन होतात. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दूध पोटात जायला हवं, तीस किलोच्या वासराला तीन लिटर, दोन-तीन वेळा वाटून. बेंबीवर माश्या बसू देऊ नकोस, अळ्या पडायला वेळ लागत नाही. त्याचं केल्यावर हात साबणानं धू, मगच बाळाला घे.

दुसरी गाय पुढच्या महिन्यात विणार म्हणालीस. तिच्यासाठी सात टक्क्यांचं टिंक्चर आयोडीन आत्ताच आणून ठेव, जखमेला लावायचं साधं टिंक्चर त्यापेक्षा पातळ असतं. वासरू पडलं की स्वच्छ हातांनी नाळ पोटापासून दोन इंच ठेवून उकळलेल्या दोऱ्यानं बांध, खाली काप आणि छोट्या वाटीत आयोडीन घेऊन नाळ पूर्ण बुडव. नुसता बोळा फिरवून भागत नाही. दोन-तीन दिवस तेच कर. राख नको, शेण नको.

आणि जार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, हे सासूबाईंचं या एका बाबतीत मोडून काढ. गाईच्या पोटात असताना वासराला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती चिकातूनच येते, आणि आतडी ती पहिले काही तासच नीट शोषून घेतात. दिवस उलटला की चीक पाजूनही ती ताकद मिळत नाही. जार पडायला आठ-दहा तास लागले तर सगळा महत्त्वाचा वेळ गेला. तासाभरात दीड-दोन लिटर, बारा तासांच्या आत आणखी तेवढाच. वासरानं आचळ ओढल्यानं जार अडकत नाही, उलट पडायला मदतच होते, हे त्यांना प्रेमानं सांग.

आता उठ, ताप मोज आणि आकडा मला कळव. १०३ च्या वर असेल तर सकाळची वाट न बघता फोन लाव. मी जागीच आहे.