दोयांगच्या काठचा धडा

निसर्गरक्षण हा विषय हल्लीं प्रत्येक शाळेंत शिकविला जातो. फलक रंगविले जातात, रोपें लाविलीं जातात, मिरवणुका निघतात, आणि वर्ष संपलें म्हणजे फलक पुन्हा कपाटांत जातात. आम्हीं स्वतः हें सर्व केलें आहे. एकदां वर्गांत पक्ष्यांच्या शिकारीविरुद्ध आम्ही मोठ्या आवेशानें बोलत असतां मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें उठून विचारिलें, "सर, शिकार सोडली तर त्या लोकांनीं खावें काय?" वर्गांत थोडा हशा पिकला, पण आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पुढें नागालँडमधील एका गांवाची हकीकत अभ्यासिली, तेव्हां त्या प्रश्नाचें मोल कळलें. तीच हकीकत आज विद्यार्थिवर्गापुढें ठेवीत आहों.

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊं. अमूर ससाणा हा कबुतराहून लहान असा शिकारी पक्षी होय. त्याचें वजन सामान्यतः शे-दीडशें ग्रॅम भरतें. नराचा रंग गडद राखी, मादीच्या पांढुरक्या छातीवर काळ्या खुणा, आणि दोघांचेही पाय नारिंगी. त्याची वीण सैबेरियाच्या आग्नेय भागांत व उत्तर चीनमध्यें होते. हिंवाळ्याचे महिने मात्र तो आफ्रिकेच्या दक्षिण भागांत काढतो. जाऊन येऊन वर्षाला सुमारें २२,००० किलोमीटरपर्यंत त्याचा प्रवास होतो. या मार्गांत अरबी समुद्र आडवा येतो. तेथें बसावयास झाड नाहीं कीं खडक नाहीं. सुमारें ३,००० किलोमीटरांचें तें अंतर त्यास एका दमांत उडून ओलांडावें लागतें.

एवढ्या उड्डाणास लागणारी शक्ति तो कोठून आणितो? पावसाळा सरल्यावर भारताच्या ईशान्येकडील डोंगरांत वाळवीचे पंख फुटलेले कीटक थव्याथव्यानें जमिनींतून बाहेर पडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत हे ससाणे तेथें उतरून त्या कीटकांवर यथेच्छ चरतात व अंगांत चरबी सांठवितात. प्रवाशानें लांबच्या वाटेला लागण्यापूर्वीं शिदोरी बांधून घ्यावी, त्यांतलाच हा प्रकार. अर्थात् याच मुक्कामावर त्यांचा घात झाला, तर पुढचा सारा प्रवासच खुंटतो.

हा मुक्काम नागालँडच्या वोखा जिल्ह्यांत दोयांग नदीच्या जलाशयाभोंवतीं पडतो. येथील रहिवासी लोथा नागा जमातीचे आहेत. विजेसाठीं नदीवर धरण बांधलें गेलें, आणि पांगती गांवच्या कित्येक कुटुंबांचीं शेतें पाण्याखालीं गेलीं. शेत गेलेला मनुष्य जाळें घेऊन मासेमारी करूं लागला. त्याच पाण्याकांठच्या झाडांवर दर वर्षीं लाखों ससाणे रात्रीच्या निवाऱ्यास येऊं लागले. मासे धरण्याचें जाळें उंच झाडांच्या मध्यें ताणलें कीं पक्षीही त्यांत अडकतात, हें ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं. धरलेले पक्षी विकले जात, कांहीं धुरावर सुकविले जात. कांहीं घरांत मुलांच्या शिक्षणाचा खर्चही याच पैशांतून भागे.

इ. स. २०१२ च्या ऑक्टोबर महिन्यांत कन्झर्व्हेशन इंडिया या निसर्गप्रेमी मंडळींचे निरीक्षक तेथें पोहोंचले व त्यांनीं हा संहार छायाचित्रांसह जगापुढें मांडला. एका हंगामांत सुमारें १,२०,००० ते १,४०,००० पक्षी मारले जात असावेत, असा त्यांचा अंदाज होता. देशोदेशींचे लोक हळहळले. जाळीं जप्त झालीं, जिवंत सांपडलेले पक्षी सोडून देण्यांत आले. पुष्कळांनीं त्या गांवकऱ्यांस क्रूर व अडाणी अशीं विशेषणेंही बहाल केलीं.

येथें विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबून विचार करावा. वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा १९७२ सालापासून अस्तित्वांत होता. पण पुस्तकांतला कायदा त्या डोंगरावरील घरांपर्यंत पोहोंचला नव्हता. हा पक्षी कोठून येतो, कोठें जातो, हें गांवकऱ्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. आकाश झांकून टाकणारे थवे पाहून ते कधीं संपतील, असें कोणाच्या मनांत तरी कसें यावें? शिकार ही त्यांची पिढीजाद चाल. आणि शेत बुडालेलें. अशा माणसास नुसतें 'पापी' म्हटल्यानें पक्षी वांचत नसतो.

सुदैवानें पुढील वर्षीं ज्यांनीं हें काम हातीं घेतलें, त्यांनीं दूषण देण्याऐवजीं शिक्षणाचा मार्ग धरिला. राज्याचें वनखातें, नागालँडमधील स्थानिक निसर्गरक्षक मंडळें, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, तसेंच आपल्या मुंबईंत १८८३ सालीं स्थापन झालेली बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी, यांनीं पक्षी येण्यापूर्वींच गांवोगांवीं बैठका घेतल्या. नागालँडांत बहुतेक जमीन व जंगल सरकारच्या नव्हे, तर गांवांच्या व कुळांच्या मालकीचें आहे. म्हणून तेथें ग्रामपरिषदेच्या शब्दाला जें वजन आहे, तें बाहेरच्या हुकुमाला नाहीं. ग्रामपरिषदांनीं आपण होऊन शिकारबंदीचा ठराव केला व मोडणारास दंड ठरविला.

दुसरें साहाय्य मंडळीचें झालें. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें नागालँडांतील शेंकडा ८८ च्या सुमारास लोक ख्रिस्ती आहेत. तेथील पाळकांनीं देवाच्या सृष्टीची राखण हा ख्रिस्ती मनुष्याचा धर्म आहे, असा उपदेश उपासनामंदिरांतून केला. हा उपदेश कांहीं नवा नव्हे. पिलांवर बसलेल्या मादीस धरूं नये, असा निर्बंध मोशेच्या नियमशास्त्रांतही आहे. तो वाचीत सर्वच आले होते. त्याचा संबंध आपल्या दारच्या झाडाशीं आहे, हें मात्र त्या वर्षीं कळलें.

तिसरें साहाय्य मुलांचें. गांवांतील शाळकरी मुलांचीं मंडळें स्थापण्यांत आलीं. मुलें ससाण्याचीं चित्रें काढूं लागलीं, त्याच्या प्रवासाचा नकाशा शिकलीं, आणि घरीं जाऊन वडिलांस सांगूं लागलीं. बाहेरच्या शंभर वक्त्यांचें व्याख्यान एकीकडे व पोटच्या मुलाचा एक प्रश्न एकीकडे! २०१३ चा हंगाम आला; लाखों पक्षी उतरले, राहिले आणि सुखरूप निघून गेले. त्या हंगामांत पक्ष्यांसाठीं एकही जाळें लागलें नाहीं, असें तेथील कार्यकर्त्यांनीं नमूद केलें आहे. एका वर्षांत झालेला हा पालट खरोखर विरळा होय.

त्याच नोव्हेंबरांत शास्त्रज्ञांनीं तीन ससाण्यांच्या पाठीवर ५ ग्रॅम वजनाचीं, सूर्यप्रकाशावर चालणारीं यंत्रें बसविलीं. त्यांचे संदेश उपग्रहामार्फत मिळत. त्या पक्ष्यांचीं नांवें ठेविलीं 'नागा', 'वोखा' आणि 'पांगती'. कालपर्यंत जें गांव बदनाम होतें, त्याचें नांव घेऊन एक चिमुकला पक्षी समुद्र ओलांडून आफ्रिकेस गेला. पुढच्या वर्षीं 'नागा' व 'पांगती' पुन्हा दोयांगच्या परिसरांत परतले. आपल्या नांवाचा पाहुणा सुखरूप परत आल्याचा आनंद कोणत्या गांवास होणार नाहीं?

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. शिकार सोडल्यावर लोकांनीं खावें काय? याचें पूर्ण उत्तर अजून झालेलें नाहीं, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. पूर्वींचे शिकारी एकत्र येऊन पक्ष्यांच्या निवाऱ्याची राखण करूं लागले. कोणी वाटाड्या झाला, कोणी पाहुण्यांस घरीं उतरवून घेऊं लागला. परंतु पाहुणे येतात ते हंगामापुरते, आणि त्यांचा लाभ प्रत्येक घरास सारखा होत नाहीं. पक्षी वांचल्याचा आनंद साऱ्या जगानें घेतला. त्याची किंमत मात्र मुख्यतः त्या डोंगरावरील गरीब कुटुंबांनीं भरिली. ज्यांस आपण त्याग करावयास सांगतों, त्यांच्या तोट्यांत आपला वाटा उचलणें हें निसर्गशिक्षणाचें अर्धें अंग आहे. तें सोडून दिलें, तर उरतो तो कोरडा उपदेश.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. दोयांगहून निघालेले ससाणे महाराष्ट्रावरूनही समुद्राकडे जातात. नोव्हेंबर-डिसेंबरांत लोणावळ्याच्या आसपास ते पक्षिनिरीक्षकांच्या दृष्टीस पडतात. नागा बांधवांनीं जाळें खालीं ठेवून ते आपल्याकडे सुखरूप पाठविले. आपण त्यांचें व येथील पांखरांचें स्वागत कशानें करितों? संक्रांतीच्या सुमारास झाडांवर व तारांवर लोंबणारा नायलॉनचा मांजा पाहावा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं त्यावर देशभर बंदी घातली. तरी त्यांत पंख कापलेलीं पांखरें आपल्याच अंगणांत पडतात. तो मांजा पोटासाठीं कोणी उडवीत नाहीं. पांगतीच्या माणसानें सोडली ती आपली मिळकत. आपणांस सोडावयाची आहे ती केवळ दुसऱ्याचा पतंग कापण्याची हौस.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, या वर्षीं फलक रंगविण्यापूर्वीं दोन कामें करावीं. नोव्हेंबर-डिसेंबरांत डोंगराकडे सहल निघेल तेव्हां आकाशाकडे पाहावें व जो पक्षी दिसेल त्याची तारीख, वेळ व स्थळ वहींत टिपून ठेवावें; कारण ज्याची ओळख नाहीं, त्याची राखण होत नाहीं. आणि जानेवारींत सुती दोऱ्यानें पतंग उडवावा, व सण संपल्यावर आपल्या आळींतील झाडांवरचा मांजा थोरांच्या मदतीनें उतरवावा. एवढें झालें म्हणजे मग दुसऱ्यास उपदेश करण्याचा थोडासा अधिकार आपल्याला प्राप्त होईल. आम्ही शिक्षकही त्याच रांगेंत उभे आहों.