रंगीत घन आणि बालकांची विचारशक्ती

बुडापेस्ट येथील वास्तुकलेचे अध्यापक एर्नो रुबिक यांनी १९७४ साली फिरत्या रंगीत घनाचे कोडे निर्मिले. ते शिकविताना मुलांकडून चाली पाठ करवून घेण्याची घाई करू नये. प्रथम त्यांस निरीक्षण करू द्यावे. सहा मधले तुकडे परस्परांतील स्थान सोडीत नाहीत; म्हणून मधला रंग तोच त्या बाजूचा रंग. कडांचे बारा तुकडे दुरंगी, कोपऱ्यांचे आठ तिरंगी असतात.

एवढे उमगल्यावर एक थर जुळवावा. पुढील थरासाठी जुळलेला भाग क्षणभर मोडून पुन्हा सांधावा लागतो. येथेच मूल रडकुंडीस येते. अशा वेळी पालकांनी घन हिसकावून स्वतः सोडवू नये, “आता कोणता तुकडा कोठे जाईल?” एवढेच विचारावे. पाठांतराने घन सुटेल. विचाराची सवय मात्र शोधण्यानेच लागेल.