हाँगकाँग : तिथी पंचांगाची, परवानगी वेधशाळेची

आपल्या मराठी मंडळाच्या स्मरणिका समितीचा आग्रह आहे की शहराचा परिचय इतिहासापासून सुरू व्हावा, म्हणून आधी तो उरकतो. 1841 मध्ये ब्रिटिशांनी हे बेट ताब्यात घेतलं आणि 1 जुलै 1997 रोजी हाँगकाँग चीनकडे परत गेलं. बंदरातली स्टार फेरी सुरू केली ती मुंबईहून आलेल्या दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थांनी. हाँगकाँग विद्यापीठाच्या इमारतीसाठी पैसा दिला तोही मुंबईच्याच होरमसजी मोदींनी. त्यांच्या नावाचा रस्ता त्सिम शा त्सुईत आहे. हॅपी व्हॅलीतलं हिंदू मंदिर 1953 चं. ट्राम, डोंगरमाथ्यावरून दिसणारं बंदर, रात्रीची रोषणाई हे सगळं पर्यटन पुस्तिकेत सापडेल. जे त्या पुस्तिकेत नाही ते आता सांगतो.

मी गंगाखेडचा. संत जनाबाईंच्या गावचा, गोदाकाठचा. आमच्याकडे पोळ्याला पाऊस झालेला असला की गणपती आणि महालक्ष्म्या थाटात होतात; नसला तर आरतीनंतर सगळी माणसं आभाळाकडे बघत बसतात. इथे नेमकं उलटं. वर्षाला सुमारे 2400 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास ऐंशी टक्के मे ते सप्टेंबरात. वादळांचा जोर जून ते ऑक्टोबर. म्हणजे दहीहंडी, गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, सगळं नेमकं वादळाच्या तोंडी येतं. पंचांग तिथी देतं, पण त्या दिवशी घराबाहेर पडायचं की नाही, हे इथली वेधशाळा ठरवते.

म्हणून पहिलं काम : वेधशाळेचं अ‍ॅप फोनवर घ्या. वादळाचे इशारे 1, 3, 8, 9 आणि 10 असे असतात. मधले आकडे शोधू नका, ते नाहीत. 1 आणि 3 ला व्यवहार चालू असतात, फक्त 3 ला बालवाड्या बंद होतात. 8 लागला की शाळा, कचेऱ्या, सभागृहं बंद, आणि बस व फेरीबोटीही टप्प्याटप्प्याने थांबतात. 8 लागण्याच्या साधारण दोन तास आधी पूर्वसूचना येते. ती आली की नटून बसलेले असाल तरी निघू नका, वाटेत असाल तर मागे फिरा. पावसाचे इशारे वेगळे : तासाला 30 मिलिमीटरच्या वर गेला की पिवळा, 50 च्या वर लाल, 70 च्या वर काळा. काळा लागला की जिथे आहात तिथेच थांबायचं.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. 2018 साली मांगखुट वादळ आलं ते 16 सप्टेंबरला, महालक्ष्म्यांच्या ऐन पूजनाच्या दिवशी. 10 नंबरचा इशारा दहा तास होता आणि शहरात हजारो झाडं पडली. 2023 मध्ये महाराष्ट्रात दहीहंडी फुटली त्याच रात्री, 7 सप्टेंबरला, इथे एका तासात 158.1 मिलिमीटर पाऊस कोसळला. 1884 पासूनच्या नोंदींत तो उच्चांक ठरला. 2025 च्या नवरात्रात, 24 सप्टेंबरला, रगासा वादळामुळे पुन्हा 10 लागला. तेव्हा महालक्ष्म्यांचं सामान, फुलं, भाज्या, डाळ दोन दिवस आधी घरात आणून ठेवा. 3 लागला की दुकानातली पालेभाजी दुपारपर्यंत संपते.

वादळ आणि सण यांची सांगड इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या घालत आले आहेत. ताय हांग वस्तीत अग्निड्रॅगनचा नाच 1880 पासून होतो. वादळामागोमाग आलेल्या साथीला घालवण्यासाठी तो सुरू झाला, असं तिथे सांगतात. उदबत्त्या खोचलेला तो ड्रॅगन चिनी मध्य-शरद सणाला निघतो, आणि बहुतेक वर्षी तो सण आपल्या अनंत चतुर्दशीच्या आसपास येतो. विसर्जन झाल्यावर मुलांना घेऊन जरूर जा.

आता घर. हे नीट वाचा, कारण यातच माणूस नाडला जातो. घर हिवाळ्यात बघितलं तर सगळंच छान दिसतं. शक्यतो पावसात बघा आणि खिडक्यांच्या चौकटीखाली हात फिरवा. दोन महिन्यांचं भाडं अनामत, एक महिन्याचं आगाऊ आणि दलालाला अर्ध्या महिन्याचं, ही इथली रीत आहे. करारावर तीस दिवसांत मुद्रांक शुल्क भरलं गेलं का, हे स्वतः तपासा. मुद्रांक नसलेला करार न्यायालयात उपयोगी पडत नाही. खिडकीतून पाणी आलं तर दुरुस्ती कोणाची, भिंतीवर बुरशी आली तर खर्च कोणाचा, हे करारात लिहून घ्या. आमच्या पहिल्या घरमालकांनी आम्ही येण्याआधीपासून असलेल्या डागांचे पैसे आमच्याच अनामतीतून कापले होते. किल्ली हातात आली की प्रत्येक भिंतीचा फोटो काढून त्यांना पाठवा. आणि सहा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर तीस दिवसांत ओळखपत्राचा अर्ज करा.

फेब्रुवारी ते एप्रिल हवेत इतका दमटपणा असतो की फरशी आणि भिंती घामेजतात. पाडव्याचा खण, पैठणी, सोवळं सगळं कपाटातच बुरशीला लागतं. हवेतलं पाणी शोषणारं यंत्र फ्रीजच्या आधी घ्या. गुढी खिडकीबाहेर काढू नका, बाल्कनीच्या आत घट्ट बांधा : उंचावरून वस्तू पडली तर दहा हजार हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

थंडी थोडी, पण घरात शिरणारी. घरं उबदार ठेवायची सोय नसते, फरशी बर्फासारखी. 24 जानेवारी 2016 ला पारा 3.1 अंशांवर आला होता, तोही हळदीकुंकवाच्या दिवसांत. गावाकडची गोधडी सामानात आणा, लाजू नका.

सगळ्यात गोड काळ ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर. म्हणून मंडळाचे मोठे कार्यक्रम आम्ही दिवाळीनंतर ठेवतो. पण हवा सगळ्यांनाच आवडते, त्यामुळे सभागृहं महिनोन्‌महिने आधी धरावी लागतात. फटाके 1967 पासून बंद आहेत. दिवाळीची सुट्टीही नाही, रजा टाका. देशातून आई-वडील येणार असतील तर त्यांची ऑनलाइन पूर्वनोंदणी तिकिटाआधी करा; तिच्यावर एका खेपेला चौदाच दिवस राहता येतं, म्हणजे गणपती बसल्यापासून विसर्जनापर्यंत जेमतेम.

शेवटी थोडी कुरकुर. पूर्वसूचना निघाल्यावर कार्यकारिणीला "कार्यक्रम आहे ना?" असं विचारू नका. तो नाही. पुढची तारीख त्याच रात्री कळवली जाते आणि आजवर एकही गणपती आपण चुकवलेला नाही. तो चुकू नये म्हणून सजावट उतरवायला आणि पाट-समया सुरक्षित हलवायला माणसं लागतात. सभासद अर्जाच्या मागे त्यासाठी एक रकाना आहे. बहुतेक जण तो कोरा सोडतात. यंदा भरा.