गाळा रिकामा, बिल चालू: दोन भाडेकरूंच्या मधल्या काळाची घरपट्टी कुणी भरायची?

व्हिडिओत आपण गाळ्याचा करार पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. इथे त्यातला एकच प्रश्न घेऊ. समजा, जुना भाडेकरू ३० जूनला गेला आणि नवा १ नोव्हेंबरला आला. मधले चार महिने शटर खाली. त्या चार महिन्यांची घरपट्टी, म्हणजे मालमत्ता कर, कोण भरणार?

मालक म्हणतो, "गाळा बंद होता, एक रुपया आला नाही, मग कर कसला?" जुना भाडेकरू म्हणतो, "चावी दिली तिथे माझा विषय संपला." आणि नवीन माणसाच्या हातात दुकानाचा बोर्ड लागायच्या आतच थकबाकीची नोटीस पडते. तिघांनाही आपलंच खरं वाटत असतं.

उत्तर सरळ आहे: मालकाने. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं (१९४९ चा कायदा, आधीचं नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम) कलम १३९ बघा. जागा भाड्याने दिलेली असेल तर कराची प्राथमिक जबाबदारी भाड्याने देणाऱ्यावर. पोटभाडेकरू असेल तर वरच्या, मूळ देणाऱ्यावर. आणि जागा भाड्याने दिलेलीच नसेल तर, ती भाड्याने देण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याच्यावर. म्हणजे रिकाम्या गाळ्याचा विचार कायद्यात आधीच केलेला आहे. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा, पण तिथेही कलम १४६ मध्ये हीच रचना आहे. एक अपवाद लक्षात ठेवा: मोकळी जमीन एक वर्षापेक्षा जास्त मुदतीने दिली आणि भाडेकरूने तिच्यावर स्वतः बांधकाम केलं, तर जबाबदारी त्या भाडेकरूवर जाते. बाजारातल्या साध्या गाळ्याला हे लागू होत नाही.

मग करारात "मालमत्ता कर भाडेकरू भरेल" असं लिहिलेलं असतं, त्याचं काय? ते कलम खरं आहे, पण तुमच्या दोघांपुरतं. महापालिका तुमचा करार वाचत बसत नाही. बिल मिळकत क्रमांकावर निघतं, मालकाच्या नावाने निघतं. भाडेकरूने भरलं नाही तर तुम्ही भरायचं आणि कराराच्या जोरावर त्याच्याकडून वसूल करायचं. शिवाय करार संपला की ते कलमही संपलं. रिकाम्या महिन्यांत कराराला दुसरी बाजूच उरत नाही.

आता नव्या भाडेकरूंसाठी, कारण तुमच्यापैकी बरेच जण त्या बाजूला आहेत. माझं स्वतःचं दुकानही भाड्याच्या गाळ्यातच आहे. मालकाने बिल थकवलं तर महापालिका त्या जागेत बसलेल्या माणसाला बिल देऊ शकते. कलम १४०. हे वाचून घाबरू नका, कारण त्याच कलमात तुमच्या बचावाच्या तीन गोष्टी आहेत. ज्या काळात तुम्ही त्या जागेत नव्हता, त्या काळाची थकबाकी तुमच्याकडून वसूल करता येत नाही. एक वर्षापेक्षा जुनी थकबाकीही नाही. आणि मालकाच्या वाट्याचं जे काही तुम्ही भराल, ते त्याच्या खात्यावर तुमची जमा म्हणून धरलं जातं, म्हणजे भाड्यातून वळतं करता येतं. पावती मात्र जपून ठेवा.

पण खरी गोम कलम १४१ मध्ये आहे. कराचा बोजा मिळकतीवरच बसतो, आणि जमीन महसूल सोडला तर तो पहिला बोजा असतो. पैसे तुमच्याकडून मागता येणार नाहीत हे बरोबर, पण कारवाई गाळ्यावर झाली तर आत माल कुणाचा आहे? तुमचा. दिवाळीच्या तोंडावर शटरला सील लागलं तर "माझा काळ नव्हता" हे म्हणणं बरोबर असूनही गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. म्हणून डिपॉझिट देण्याआधी मालकाकडून चालू सहामाहीची पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागा. अनेक महापालिकांच्या संकेतस्थळावर मिळकत क्रमांक टाकला की थकबाकी दिसते. पाच मिनिटांचं काम आहे.

आता आकडे. समजा गाळ्याचा वर्षाचा कर ४८,००० रुपये आहे. कायद्याने तो दोन सहामाही हप्त्यांत आगाऊ देय होतो, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला, प्रत्येकी २४,०००. महिन्याला पडले ४,०००. कर भाडेकरूने भरायचा असं करारात आहे. तर एप्रिल ते जून जुन्याचे १२,०००. जुलै ते ऑक्टोबर मालकाचे १६,०००. नोव्हेंबर ते मार्च नव्याचे २०,०००. बेरीज ४८,०००, हिशोब जुळला.

कागदावर जुळला. प्रत्यक्षात कर १ एप्रिलपासून देय असला तरी बिल हातात पडायला उशीर होऊ शकतो. तोवर जुना भाडेकरू डिपॉझिट घेऊन गेलेला असतो आणि त्याच्या १२,००० साठी तुम्ही फोन करत बसता. बिलाची मुदत उलटली की महिन्याला २ टक्के शास्ती लागते, म्हणजे २४,००० वर दरमहा ४८० रुपये. ती मालकाच्या खात्यावर चढते, कारण खातं त्याचं आहे. म्हणून माझं ठाम मत: बिल आलेलं नसलं तरी गेल्या वर्षीच्या दराने, चावी परत घेण्याच्या तारखेपर्यंतचा कर डिपॉझिटमधून धरायचा. फरक नंतर बघता येतो.

गाळा रिकामा झाला की कर आकारणी विभागाला त्याच आठवड्यात लेखी कळवा. जिथे करयोग्य मूल्यावर आकारणी होते, तिथे जागेचं वार्षिक भाडं हा पाया असतो. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा होतात आणि उरलेल्यावर कर बसतो. तुमच्या नोंदीत जुना भाडेकरू आणि त्याचं जुनं भाडं तसंच राहिलं, तर बिल त्याच हिशोबाने येत राहील. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आहे, तिथे भाडं किती येतं यावर कर ठरत नाही. रिकाम्या काळासाठी काही सवलत किंवा परतावा मिळतो का, हे आपापल्या वॉर्ड ऑफिसात विचारा. पण मागायचा झाला तरी सूचना दिल्याची तारीख दाखवावी लागणार. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं तिथल्या टेबलावरच राहतं. ग्रामपंचायत हद्दीत असाल तर नमुना ८ चा उतारा काढून त्यावर भोगवटादार म्हणून कुणाचं नाव आहे ते पाहा.

मालकांसाठी अजून एक. भाड्याच्या उत्पन्नावर प्राप्तिकर काढताना मालमत्ता कर वजा मिळतो, पण मालकाने तो त्या वर्षात प्रत्यक्ष भरला असेल तरच. भाडेकरूने परस्पर भरलेला कर तुमच्या वजावटीत धरता येत नाही. म्हणून मी सुचवते की कर मालकाने स्वतः भरावा आणि तेवढा विचार करून भाडं ठरवावं.

तरीही भाडेकरूनेच भरायचा असं ठरलं, तर करारात निदान एवढं लिहून घ्या. वकिलांकडून भाषा तपासून घ्या.

"ताबा दिल्याच्या तारखेपासून ताबा परत केल्याच्या तारखेपर्यंतचा मालमत्ता कर दिवसांच्या प्रमाणात भाडेकरू देईल. ताब्याआधीच्या व ताबा परत केल्यानंतरच्या काळाचा कर व त्यावरील शास्ती मालक देईल. ताबा परत करताना बिल आलेले नसल्यास मागील वर्षाच्या कराच्या दराने रक्कम अनामत रकमेतून वजा केली जाईल व प्रत्यक्ष बिल आल्यावर ३० दिवसांत फरकाची रक्कम दिली-घेतली जाईल."