जपानी लिपींतील एक झाड



'कांजी' हा शब्द ऐकतांच तुम्हांस तांदळाची पेज आठवेल. परंतु जपानांत हें नांव चिनी लिपींतून घेतलेल्या अक्षरांस आहे. आपल्या अक्षरावरून केवळ ध्वनि कळतो; कांजीचें अक्षर अर्थहि सांगतें. तेथील मुलांस पहिल्या वर्षीं अशीं ८० अक्षरें, आणि २०२० पासूनच्या अभ्यासक्रमाप्रमाणें प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत एकंदर १०२६ अक्षरें शिकावीं लागतात. पहिल्या वर्षाचेंच एक अक्षर आज आपण गिरवूं. त्याचा अर्थ झाड किंवा लांकूड.

प्रथम एक चौकोन आंखून घ्यावा.
(१) त्याच्या वरच्या भागांत डावीकडून उजवीकडे आडवी रेघ ओढावी.
(२) तिला मध्यावर छेदून वरून खालीं उभी रेघ ओढावी, हा बुंधा.
(३) दोन्ही रेघा मिळतात तेथून डावीकडे खालीं उतरणारी तिरपी रेघ काढावी.
(४) तेथूनच उजवीकडे तशीच दुसरी काढावी.

हा क्रम मोडूं नये; क्रमानेंच हातास वळण लागतें.

हें अक्षर एकटें असतां 'की' असें वाचतात. जोडशब्दांत तें पुष्कळदां 'मोकु' होतें. गुरु ग्रहास जपानी लोक 'मोकुसेइ', म्हणजे काष्ठतारा, म्हणतात आणि गुरुवारास 'मोकुयोबी'. दोन्ही देशांत वार एकाच ग्रहाचा! दोन झाडें शेजारीं लिहिलीं कीं 'हायाशी', म्हणजे राई. तीन लिहिलीं कीं 'मोरी', म्हणजे अरण्य. झाडाच्या डावीकडे माणसाचें चिन्ह मांडलें कीं विश्रांति. बुंध्याच्या तळाशीं आखूड रेघ दिली कीं 'होन', म्हणजे मूळ. त्याचाच दुसरा अर्थ पुस्तक.

आतां खरी कसोटी. झाडाच्या आडव्या रेघेवर आणखी एक आडवी रेघ द्यावयाची. वरची लांब व खालची आखूड असली तर अर्थ 'शेवट'; वरची आखूड व खालची लांब असली तर 'अजून नाहीं'. या दुसऱ्या अक्षरापुढें 'येणें' या अर्थाचें अक्षर मांडलें कीं 'मिराइ', म्हणजे भविष्यकाळ. आपला 'अनागत' शब्द असाच घडला आहे. आम्हीं सराव करीत असतां घाईनें दोन्ही रेघा सारख्याच ओढल्या, आणि आपण 'शेवट' लिहिला कीं 'अजून नाहीं', हें आमचें आम्हांसच सांगतां येईना.

तेव्हांपासून प्रगतिपुस्तकावर शेरा लिहितांना ती रेघ आम्हांस आठवते. मुलगा गणितांत नापास झाला कीं 'ह्याच्यानें आतां होणें नाहीं' असे शब्द शिक्षकांच्या व पालकांच्याहि तोंडीं सहज येतात. वास्तविक त्याला तें अजून येत नाहीं, इतकेंच खरें असतें. ज्या बालकाचें आयुष्य देवाच्या हातीं आहे त्याच्या नांवापुढें 'शेवट' लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पालकांनींहि हें ध्यानांत ठेवावें, अशी आमची विनंती आहे.

आणि मुलांनों, तुम्हीहि आपलें काम करा. आपल्या लिपींतहि 'दिन' व 'दीन' यांत एका वेलांटीचेंच अंतर आहे. अक्षर कोणतेंहि असो, रेघ सावकाश व नीट ओढीत जा.