आधी वारा, मग तोफा

अगं, ट्रफाल्गर ठेव बाजूला. १८०५ च्या त्या लढाईत नेल्सनची २७ आणि समोर फ्रेंच-स्पॅनिशांची ३३ मोठी जहाजं होती. एवढ्या साठ जहाजांच्या डोलकाठ्यांना दोरे बांधता बांधता तुझी सगळी हौस संपेल. त्यात ते नियमांचं जाडजूड पुस्तक वाचून तू आधीच धास्तावली आहेस. भाचरांना सुट्टीत आरमारी लढाई खेळायची आहे ना? मग खांदेरी मांड.

खरं सांगू का, तुला हे येतंच. दर दिवाळीला किल्ला करणारी पोर तू, मावळा कुठे उभा करायचा हे कधी कुणाला विचारलं होतंस? हाही किल्लाच, फक्त भोवती पाणी. आपलं संभाजीनगर समुद्रापासून लांब आहे म्हणून बिचकू नकोस. गुलमंडीवरून साधं निळं सुती कापड आण, कडक इस्त्री कर आणि जेवणाच्या टेबलावर अंथर. झाला समुद्र.

आता गोष्ट ऐक. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर तट बांधायला घेतला. इंग्रजांनी जहाजं पाठवून बेटाची वाट अडवली. बेटावर मायनाक भंडारी पाय रोवून होता. १८ ऑक्टोबरला आपला दौलतखान चाळीस-पन्नास गलबतं घेऊन इंग्रजांवर चालून गेला. त्यांची ‘डव्ह’ ही गुराब जातीची नौका आपल्या हाती लागली. ‘रिव्हेंज’ मात्र तोफा डागत टिकून राहिली आणि आपली गलबतं नागोठण्याच्या खाडीत परतली. तरी बेट सुटलं नाही बघ, कारण छोट्या होड्या दाणागोटा पोचवतच राहिल्या.

म्हणून माझं ऐक, किती जहाजं बुडवली ते मोजूच नकोस. बारा फेऱ्यांत बेटावर किती पोती पोचली, त्यावर हार-जीत ठरव. पोत्यांसाठी तुरीच्या डाळीचे दाणे चालतील.

इंग्रजांना दोन मोठी जहाजं दे आणि आपल्याकडे दहा गलबतं पुरेत. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या आणि पुठ्ठा घेऊन बस. शिडासाठी जुन्या मलमलीचा तुकडा फेविकॉलच्या पाण्यात बुडव. चमच्याच्या पाठीला तेलाचं बोट लाव आणि तुकडा त्यावर पसरून वाळव. सुटून आला की वारा भरल्यासारखा फुगलेला राहतो. बारीक दोरखंडांच्या नादी लागू नकोस गं, हाताळताना तेच आधी तुटतात.

सगळा जीव वाऱ्यात आहे, तेवढं नीट समजून घे. टेबलाच्या कडेला कागदी बाण ठेव. वारा तोंडावर असला तर शिडाचं जहाज पुढे सरकतच नाही. कडेने किंवा तिरका मागून आला तर ते वीतभर जातं. गलबताला वल्हीही असतात, ते कुठल्याही दिशेला चार बोटं सरकतं. दर फेरीला फासा टाक. एक पडला तर वारा पडला, मग ‘रिव्हेंज’ जागच्या जागी आणि दहाही गलबतं मोकळी! सहा पडला तर बाण थोडा फिरव. पोरांचे चेहरे बघ तेव्हा.

तोफांचा हिशोबही सोपा आहे. इंग्रजी जहाजाचा मुख्य मारा दोन्ही कुशींतून, तेव्हा गलबतांनी पिछाडीवरून चढाई करायची. कुशीसमोर गेलं त्याचं नशीब फाशावर. मराठी गुराब करशील तेव्हा तिच्या तोफा नाळेवर ठेव, ती समोरून मारा करायची.

इंग्रज कोण होणार यावरून रुसवेफुगवे होतील. सरळ चिठ्ठ्या टाक आणि दुसऱ्या डावाला बाजू बदल. जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासमने शेजारचं उंदेरी बळकावलं, म्हणजे तिसरा गडीही आहे. पण त्याला इतक्यात टेबलावर आणू नकोस. आधी एवढ्यावर दोन डाव होऊ देत, मग फोन कर, सिद्दीचं आपण दोघी मिळून बघू.