पडद्यावरील वर्ग आणि शेवटचा बाक

मार्च २०२० मधील टाळेबंदीने वसतिगृहे ओस पडली आणि निवासी शाळांचे वर्ग झूम, गुगल मीट यांच्या पडद्यावर भरू लागले. निवासी शाळेत फळा, अभ्यासिका आणि दिवा सर्वांना सारखाच लाभतो. पडद्यावर ही समता आपोआप येत नाही. कित्येक घरांत एकुलता फोन वडील कामावरून परतल्यावरच मुलाच्या हाती येतो. म्हणून ज्याची जोडणी सर्वांत दुबळी, त्या विद्यार्थ्यास धरून वर्गाची आखणी करावी, असे आम्हांस वाटते.

चित्राला आवाजाच्या कितीतरी पट डेटा लागतो. तासभराच्या दृश्यवर्गास अर्ध्या जीबीहून अधिक खर्च होऊ शकतो. रोजच्या दीड जीबीत तीन तासिकाही पुऱ्या होणे कठीण. यास्तव आरंभी अभिवादनापुरते कॅमेरे उघडावेत, नंतर केवळ आवाज आणि फळा ठेवावा. झूमच्या विनामूल्य बैठकीस ४० मिनिटांची मर्यादा आहे. तीत २० मिनिटे विवेचन, १० मिनिटे प्रश्नोत्तरे आणि उरलेला वेळ वहीतील लेखनास द्यावा.

वर्गात शिक्षक चेहरे वाचतो. पडद्यावरील शांततेतून मात्र विषय समजला की संपर्क तुटला, हे उमगत नाही. म्हणून प्रत्येकास नावाने एक तरी प्रश्न विचारावा. जो उत्तर देत नाही, त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडण्यापूर्वी घरी साधा फोन करावा आणि पाठाचा सारांश पाच मिनिटांच्या ध्वनिमुद्रणातून पाठवावा. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचविणे हे शिक्षकाचे जुनेच कर्तव्य आहे. येथे तो बाक दूरच्या गावी असतो, एवढेच.